'झाला' का फाटतो? टर्नटेबलसाठी वरच्या दर्जाचं कार्ट्रिज निवडताना

सतारीची एलपी लावलीय. आलाप सुरेख चाललाय, जोडही स्वच्छ. सुई लेबलाच्या जवळ यायला लागते, झाला, म्हणजे वादनाचा शेवटचा सगळ्यात वेगवान भाग, सुरू होतो आणि चिकारीच्या तारा पत्रा खरवडल्यासारख्या वाजायला लागतात. ख्यालाच्या एलपीवर हाच त्रास द्रुताच्या तानांना होतो. नाट्यगीतांच्या तबकडीवर बाजूच्या शेवटच्या पदात 'स' आणि 'श' थुंकल्यासारखे येतात. बहुतेक लोक इथे रेकॉर्डला दोष देतात आणि तबकडी परत कव्हरात घालतात. दोष कधीकधी खरंच तिचा असतो, पण बरेचदा तो कार्ट्रिजच्या टोकाला बसवलेल्या हिऱ्याच्या आकाराचा असतो. कार्ट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या आर्मच्या, सुई वाहणाऱ्या दांड्याच्या, टोकाची छोटी डबी; सुईची थरथर ती विजेच्या लहरीत बदलते.

कारण सोपं आहे. ३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीची एक फेरी १.८ सेकंदांत होते, मग सुई बाहेर असो की आत. बाहेरच्या कडेला त्या एका फेरीत सुईखालून साधारण ९२ सेंटिमीटर खाच सरकते. लेबलाजवळ, मध्यापासून ६ सेंटिमीटरवर, तेवढ्याच वेळात जेमतेम ३८ सेंटिमीटर. म्हणजे तोच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो. खाचेची वळणं इतकी आखूड होतात की जाड टोकाची सुई त्यांत उतरतच नाही, वरवर घसरत जाते. आणि आपलं संगीत विलंबिताकडून द्रुताकडे जातं. पॉपच्या अल्बममध्ये बाजूच्या शेवटी संथ गाणं ठेवून निर्माता सुटतो, झाला मात्र आलापाच्या आधी ठेवता येत नाही. सगळ्यात दाट संगीत सगळ्यात अरुंद जागेत येतं.

म्हणून माझं मत सुरुवातीलाच सांगतो: आपल्याकडच्या तबकड्या ऐकणाऱ्यानं कार्ट्रिजवर पैसे घालताना सुईच्या टोकाचा आकार पहिला पाहावा. मूव्हिंग मॅग्नेट की मूव्हिंग कॉइल, म्हणजे सुईबरोबर आत चुंबक हलतो की तारेचं वेटोळं, हा वाद नंतरचा. कंपनीचं नाव त्याहून नंतरचं.

खरेदीआधी तासभर घरीच घालवा

सुई किती वाजलीय ते आठवा. ऑडिओ-टेक्निका ही कंपनी स्वतःच्या सुयांसाठी टोकाच्या आकारानुसार जे आयुष्य सांगते ते असं (हे आकार पुढे येतील): गोल टोक ५०० तास, लंबगोल ३००, शिबाता ८००, मायक्रोलिनियर १०००. रोज एक एलपी, म्हणजे पाऊण तास धरला, तरी वर्षाला पावणेतीनशे तास होतात. तीन वर्षं जुनी लंबगोल सुई असेल तर तुम्हाला सुधारणेची नाही, बदलाची गरज आहे. झिजलेली सुई तबकडीही कुरतडते, त्यामुळे इथे चालढकल महागात पडते.

मग तबकडी धुऊन पाहा. मुंबई-कोकणात एका पावसाळ्यात बुरशी खाचांत घर करते आणि तिची खरखर 'विकृती' म्हणून कार्ट्रिजच्या माथी मारली जाते. धुतलेल्या, शक्यतो नव्या तबकडीच्या आतल्या भागातही आवाज फाटतो का, हे बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

तिसरं, आहे तेच कार्ट्रिज नीट बसवलंय का? सुई तबकडीवर किती वजनानं टेकते ते मोजणारा छोटा डिजिटल काटा आणि छापलेला प्रोट्रॅक्टर (कार्ट्रिजचा कोन जुळवायचा आखलेला कागद) एवढ्यावर निम्मे 'अपग्रेड' होऊन जातात. माझं पहिलं टर्नटेबल 'सेट करून' मिळालं होतं. वर्षभरानं काट्यावर पाहिलं तर १.८ ग्रॅमच्या जागी ३ ग्रॅम निघाले. त्या वर्षभरात वाजलेल्या तबकड्यांचं काय झालं असेल, हे मी न विचारलेलंच बरं.

तुमच्या टर्नटेबलवर दुसरं कार्ट्रिज बसतं का?

घरातला जुना एचएमव्ही फिएस्टा किंवा कॅलिप्सो माळ्यावरून काढला असेल, तर त्यावर हा लेख लागू होत नाही. त्या जातीच्या प्लेअरमध्ये सिरॅमिक किंवा क्रिस्टल कार्ट्रिज असतं. ते जास्त व्होल्टेज देतं आणि जास्त वजनानं चालतं. तिथे मॅग्नेटिक कार्ट्रिज बसवायचं तर आर्म आणि अँप दोन्ही बदलावे लागतील. त्याला त्याच्या जातीची नवी सुई द्या आणि आठवण म्हणून वाजवा. चांगल्या एलपी त्यावर नकोत.

ऑडिओ-टेक्निकाच्या एलपी-६० मालिकेत कार्ट्रिज आर्मचाच भाग आहे. बदलते ती फक्त सुई. अशा मशीनवर पैसे घालण्यापेक्षा ते साठवावेत.

बाकी बहुतेक टर्नटेबलांवर, म्हणजे रेगा, प्रो-जेक्ट, टेक्निक्स, ऑडिओ-टेक्निका एलपी-१२०, यांवर अर्ध्या इंचाचं, म्हणजे १२.७ मिलिमीटर अंतरावर दोन स्क्रू असलेलं कार्ट्रिज लागतं. १९८०च्या दशकातल्या काही मशीनना मागून खुपसायचं टी-४-पी जातीचं कार्ट्रिज असतं, ज्याला पी-माउंट म्हणतात. जुन्या बाजारातून मशीन उचललं असेल तर ते आधी तपासा.

टोकाचा आकार

गोल टोक सगळ्यात साधं. त्याची त्रिज्या साधारण १५ ते १८ मायक्रॉन. ते मजबूत, स्वस्त आणि बसवताना थोडी चूक पोटात घालणारं असतं, पण आतल्या खाचांत त्याचं काही चालत नाही.

लंबगोल टोकाची आवाज वाचणारी बाजू ८ मायक्रॉनपर्यंत अरुंद होते. ऑर्टोफॉन कंपनीच्या २एम रेड या कार्ट्रिजच्या माहितीत ८/१८ असंच लिहिलेलं असतं. रेडचा हिरा धातूच्या दांडीवर चिकटवलेला असतो. त्याच मालिकेतल्या ब्लूमध्ये आकार तोच, पण हिरा अख्खा. अख्खा हिरा हलका असतो, त्यामुळे खाचेच्या बारीक हालचाली तो चटकन पकडतो. फरक ऐकू येतो, तरी आतल्या खाचेचा मूळ प्रश्न अर्धाच सुटतो.

खरी उडी पुढच्या पायरीवर आहे: शिबाता, फाइन लाइन, मायक्रोलिनियर. शिबाता हा आकार जपानच्या जेव्हीसीचे अभियंता नोरिओ शिबाता यांच्या नावानं ओळखला जातो. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला चार-चॅनेलच्या सीडी-४ तबकड्या आल्या. त्यांत ३० किलोहर्ट्झची वाहक लहर कोरलेली असे आणि ती वाचायला ४५ किलोहर्ट्झपर्यंत पोचणारी सुई हवी होती. चार-चॅनेल बुडालं, सुईचा आकार टिकला. हे आकार खाचेच्या भिंतीला बिंदूऐवजी उभ्या रेषेत टेकतात. वळणं नीट वाचली जातात, दाब पसरतो, झीज कमी होते. जुन्या सुईनं खाचेचा एकच पट्टा घासला गेला असेल तर ही सुई कधीकधी भिंतीच्या न झिजलेल्या भागात जाऊन बसते आणि 'मेलेली' तबकडी जरा बोलायला लागते. कधीकधी उलटही होतं आणि खाचेच्या तळाची घाण जास्त ऐकू येते. जुन्या बाजारातल्या रेकॉर्डांवर दोन्हीची तयारी ठेवा.

अट एकच. हे टोक बसवताना कामचलाऊपणा खपवून घेत नाही. जरा वाकडं बसलं की लंबगोल सुईपेक्षा वाईट वाजतं.

चुंबक की कॉइल

मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिज साधारण २ ते ६ मिलिव्होल्ट देतं आणि अँपच्या कुठल्याही फोनो, म्हणजे टर्नटेबलसाठीच्या, इनपुटवर चालतं. सुई झिजली की ओढून काढायची, नवी सरकवायची. मूव्हिंग कॉइल सहसा ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट देतं, म्हणजे दहावा हिस्सा. त्याला ६० डेसिबलच्या आसपास उचल देणारा वेगळा प्रीअँप (अँपच्या आधी क्षीण संकेत वाढवणारी पेटी) किंवा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर लागतो, आणि सुई झिजली की बहुधा अख्खं कार्ट्रिज बदलावं किंवा कारागिराकडे पाठवावं लागतं. चांगल्या मूव्हिंग कॉइलचा आवाज मला आवडतो. पण पहिल्या सुधारणेत, मर्यादित पैशांत, स्वस्त मूव्हिंग कॉइलपेक्षा उत्तम टोकाचं मूव्हिंग मॅग्नेट नेहमी सरस ठरतं, या मतावर मी भांडायला तयार आहे.

कार्ट्रिजच्या एकाच अंगाला (बॉडीला) अनेक सुया लागणाऱ्या मालिका म्हणूनच सोयीच्या. ऑर्टोफॉन २एममध्ये रेडच्या अंगाला ब्लूची सुई लागते, ब्रॉन्झच्या अंगाला ब्लॅकची. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम-९५ मालिकेत तर सगळ्या सुया एकमेकांच्या जागी बसतात: गोल, लंबगोल, अख्खा लंबगोल, मायक्रोलिनियर, शिबाता, शिवाय ७८ फेऱ्यांची. तुमच्या मशीनवर लंबगोल सुईचं व्हीएम-९५ई आधीच असेल तर स्क्रूला हात न लावता मायक्रोलिनियर सुई सरकवता येते. ती ई सुईच्या काही पट महाग आहे, पण तिचं आयुष्यही तिपटीहून जास्त.

शुअर या कंपनीनं २०१८मध्ये कार्ट्रिजं बनवणं थांबवलं. जुनं शुअर घरात असेल तर फेकू नका, जपानची जिको कंपनी त्यांना लागणाऱ्या सुया बनवते. 'मूळ' शुअर म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल, तर मात्र खोक्यातली सुई खरंच मूळ आहे का, याची शंका आधी घ्या.

आर्मशी जोडी जमते का

ही पायरी लोक गाळतात. कार्ट्रिजची सुई लवचीक दांडीवर असते आणि तिच्यावर आर्मचं वजन तोललेलं असतं. स्प्रिंगला टांगलेल्या वजनासारखी ही जोडी एका ठरावीक कंपनसंख्येला झोके घेते. ती ८ ते १२ हर्ट्झमध्ये पडली तर उत्तम. त्याखाली गेली तर वाकलेल्या तबकडीचे हेलकावे तिला हलवतात, आणि आपल्या उन्हाळ्यातून गेलेल्या किती तबकड्या सपाट उरल्यात? फार वर गेली तर खालच्या सुरांत ढवळाढवळ करते.

हिशेब शाळेतल्या गणिताएवढा आहे. आर्मचं परिणामी वजन (इफेक्टिव्ह मास), कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचा एक ग्रॅम यांची बेरीज करा. तिला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या (कॉम्प्लायन्सच्या) आकड्यानं गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ला त्यानं भागा.

टेक्निक्स एसएल-१२००च्या आर्मचं परिणामी वजन १२ ग्रॅम. त्यावर २एम ब्लू, वजन ७.२ ग्रॅम, लवचीकता २०. बेरीज २०.२, गुणाकार ४०४, वर्गमूळ २०.१, उत्तर ७.९ हर्ट्झ. काठावर, पण चालतं. तेच ६ ग्रॅमच्या हलक्या आर्मवर, जसा प्रो-जेक्टच्या डेब्यू कार्बनला असतो, ९.४ येतं. अगदी हवं तिथे.

जपानी कंपन्यांच्या आकड्यांत एक गोम आहे. त्या लवचीकता बरेचदा १०० हर्ट्झला मोजतात, आपल्या हिशेबाला १० हर्ट्झची लागते. अशा आकड्याला अंदाजे दीड ते दोननं गुणायचं. व्हीएम-९५च्या मायक्रोलिनियर सुईचा १०० हर्ट्झचा आकडा १०, म्हणजे आपल्यासाठी १७च्या आसपास, कार्ट्रिज ६.१ ग्रॅम. टेक्निक्सवर ८.८ हर्ट्झ, हलक्या आर्मवर १०.७. दोन्हीकडे जमतं.

याउलट डेनॉन डीएल-१०३. जपानच्या एनएचके या प्रसारणसंस्थेसाठी १९६०च्या दशकात घडवलेलं हे मूव्हिंग कॉइल आजही बनतं आणि त्याचे भक्त जगभर आहेत. वजन ८.५ ग्रॅम, लवचीकता १०० हर्ट्झला फक्त ५. डेब्यू कार्बनसारख्या आर्मवर हिशेब साडेतेराच्या आसपास जातो, २० ग्रॅमच्या जड आर्मवर पावणेदहाला येतो. लोकांनी कौतुक केलं म्हणून हलक्या आर्मवर डीएल-१०३ चढवणं म्हणजे रिक्षाला ट्रकचे पाटे लावणं. शिवाय त्याचं टोक गोल आहे. झाल्याच्या तक्रारीवर ते औषध नव्हे.

फोनो प्रीअँप

मूव्हिंग मॅग्नेटसाठी ४७ किलोओहम हा भार सगळीकडे सारखाच असतो, त्याची काळजी नको. काळजी करायची ती केबल आणि प्रीअँप मिळून होणाऱ्या कपॅसिटन्सची, म्हणजे विद्युतभार साठवण्याच्या क्षमतेची. ऑडिओ-टेक्निका १०० ते २०० पिकोफॅरड मागते, ऑर्टोफॉन २एमला १५० ते ३०० चालतं. आर्मपासूनची केबलच शंभर-दीडशे खाते, प्रीअँपचे आणखी शंभर धरा. आकडा फार वाढला की वरच्या सुरांना आधी फुगवटा येतो आणि मग ते कोसळतात. 'अमुक कार्ट्रिज टोचरं आहे' असं जे म्हणतात, त्यातलं बरंच टोचरेपण लांब केबलचं असतं. केबल आखूड घ्या. महाग घ्यायची गरज नाही.

मूव्हिंग कॉइलच्या बाबतीत भार कॉइलच्या रोधाच्या निदान दहापट ठेवतात. डीएल-१०३चा रोध ४० ओहम, म्हणजे ४०० किंवा जास्त.

७८च्या तबकड्या आणि मोनो

बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या जपून ठेवलेली घरं आजही आहेत. त्यांची खाच एलपीच्या तिप्पट रुंद. त्यांना ७५ मायक्रॉनच्या आसपासचं गोल टोक लागतं. एलपीची सुई त्या खाचेच्या तळाशी कचऱ्यात लोळत जाते. व्हीएम-९५ची ७८ची सुई या कामाची आहे, पण ती पाचेक ग्रॅम वजनानं चालते, तेव्हा आर्म तेवढं वजन देतो का आणि टर्नटेबलला ७८चा वेग आहे का, ते पाहा. ती सुई एलपीवर चुकूनही टेकवू नका. वेगळ्या हेडशेलवर (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज धरणारा भाग) वेगळं अंग बसवून ठेवलं तर चूक टळते.

जुन्या मोनो एलपी बऱ्याच असतील तर वेगळं मोनो कार्ट्रिज घेण्याआधी अँपवरचं मोनो बटण दाबून ऐका. खरखरीचा मोठा हिस्सा सुईच्या वर-खाली हालचालीतून येतो आणि बटण तो गाळतं. फुकटातली सुधारणा आहे ही.

बसवणं

दुपारच्या उजेडात, पंखा बंद करून, मांजर दुसऱ्या खोलीत. सुईवरचं संरक्षक झाकण शेवटपर्यंत काढायचं नाही. ज्यांची सुई निघते त्यांची ती काढूनच ठेवा.

हेडशेलच्या चार तारांचे रंग ठरलेले असतात: पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, लाल उजवी धन, हिरवी उजवी ऋण. चिमट्यानं पितळी टोपी धरून ओढा, तार धरून नव्हे. टोपी सैल वाटली तर दातकोरणीवर चढवून हलकेच आवळा. कार्ट्रिजच्या पिनांना सोल्डरिंगची इस्त्री कधीच दाखवू नका, आतली बारीक तार वितळते. मूव्हिंग कॉइलवर मल्टिमीटरही लावू नका.

स्क्रू अर्धवट आवळून कार्ट्रिज सरकतं ठेवा आणि काटा घेऊन कंपनीनं सांगितलेलं वजन लावा. २एम रेड-ब्लूला १.८ ग्रॅम, व्हीएम-९५ला २. काटा तबकडीच्या उंचीवर असावा, उंच काट्यावर वजन थोडं चुकतं. कमी वजनानं तबकडी वाचते हा गैरसमज आहे. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि जास्त नुकसान करते.

आता प्रोट्रॅक्टर. घरी छापत असाल तर छपाई १०० टक्के मापात आहे का ते पट्टीनं मोजा. सुई दोन ठरावीक बिंदूंवर ठेवून कार्ट्रिज जाळीच्या रेषांना समांतर करायचं असतं. सर्वाधिक चालणाऱ्या बेअरवाल्ड पद्धतीत हे बिंदू मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हनसन पद्धतीत ६०.३ आणि ११७.४वर. म्हणजे स्टीव्हनसन कोनाची चूक शून्यावर आणतो तो आतला बिंदू अगदी शेवटच्या खाचांत असतो, मधल्या भागात त्याची किंमत थोडी चुकवावी लागते. संग्रह लेबलापर्यंत कोरलेल्या ख्याल-सतारीच्या तबकड्यांचा असेल तर मी स्टीव्हनसन लावीन, आणि लावलाय. रेषा पाहताना कार्ट्रिजच्या अंगावर नको, सुईच्या दांडीवर नजर ठेवा. दांडी अंगात तिरकी बसलेली असू शकते. या कामाला पहिल्यांदा तास-दीड तास लागतो. स्क्रू पुरते आवळताना कार्ट्रिज हमखास हलतं, मग परत पाहायचं.

पुढून छोटा आरसा ठेवून कार्ट्रिज डावी-उजवीकडे कललेलं नाही ना बघा. बाजूनं पाहता आर्म तबकडीला समांतर हवा. रेगाच्या आर्मला उंची बदलायची सोय नसते. उंच कार्ट्रिज घेतलं तर आर्मखाली चकत्या घालाव्या लागतात, त्यांचा हिशेब खरेदीतच धरा. शेवटी वजन पुन्हा मोजा.

अँटी-स्केटिंग, म्हणजे आर्मला आत खेचणाऱ्या जोराला तोलणारी सोय, आधी सुईच्या वजनाएवढंच ठेवा. जोरकस जागी उजवा स्पीकर आधी फाटत असेल तर थोडं वाढवा, डावा फाटत असेल तर कमी करा.

ऐकून पाहणं

वीसेक तास सुई चालू द्या, लवचीक भाग जरा मोकळा होतो. मग तुमची त्रास देणारी तीच तबकडी, तीच बाजू, शेवटची पाच मिनिटं. मी तीन गोष्टी ऐकतो. तंबोऱ्याची जवारी: ती गुंजारव म्हणून नुसती मागे पसरते, की प्रत्येक तार छेडल्यावर स्वरांचे पदर उलगडताना कळतात? तबल्याच्या चाटीवरचा 'ना': टणक आणि मोजका, की चुरचुरीत? आणि गाण्यातला 'स'. सुई चांगली असून 'स' थुंकत असेल तर आधी प्रोट्रॅक्टर पुन्हा काढा, मग वजन ०.१ ग्रॅमनं वाढवून पाहा. दोन्हींनी फरक पडला नाही आणि दुसऱ्या, नव्या तबकडीवर तोच भाग स्वच्छ वाजला, तर त्या जुन्या तबकडीची भिंतच खरवडली गेलीय. तिला सोडून द्या.

दर बाजूनंतर सुई कोरड्या ब्रशनं मागून पुढे एकदा झाडा, उलट दिशेनं कधीच नाही. आणि टर्नटेबलच्या झाकणाला आतून कागदाची पट्टी चिकटवून सुई बसवल्याची तारीख लिहा. माझ्या पट्टीवर तारखेखाली पाच-पाचच्या गठ्ठ्यांत काड्या आहेत, एका एलपीला एक. सहाशेच्या वर गेल्यात.